शेजारच्याला चार तास, आपल्याला दोनच: अचानक बंद पडलेल्या किडनीला डायलिसिस किती द्यायचे?

जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यातल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूबाहेर अर्धा तास बसले, तर डायलिसिसविषयीची एक तक्रार हमखास कानावर येते. ‘शेजारच्या बेडवरच्या काकांना चार तास मशीनवर ठेवले आणि आमच्या दादांना दोन तासांतच काढले.’ तक्रार करणारा बहुधा मुरबाड-शहापूरकडून आलेला असतो, रात्रभर बाकावर जागलेला असतो आणि दोन तास म्हणजे अर्धेच औषध दिले, असा त्याचा सरळ हिशेब असतो. दुसरीकडे वाशी-नेरूळच्या खासगी रुग्णालयांत ‘एक दिवसाआड कशाला, रोजच करा, खर्चाचे आम्ही बघतो’ असा आग्रह धरणारेही भेटतात. दोघांच्या मनात समज एकच असतो, की डायलिसिस जितके जास्त तितके चांगले. हा समज नातेवाइकांपुरता आहे असेही नाही. वैद्यकशास्त्राने तो जवळजवळ अर्धे शतक बाळगला, मग काही हजार रुग्णांवर तपासून पाहिला आणि शेवटी सोडून दिला.

मी अतिदक्षता विभागात काम करतो आणि या प्रश्नाला बेडशेजारी उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देण्याची पाळी माझ्यावर रोज येते. दोन वाक्यांत ते नीट देता येत नाही, म्हणून हा लेख.

ठाणे जिल्ह्यात हा प्रश्न पावसाळ्यात अधिक का येतो, ते आधी सांगायला हवे. ‘किडनी फेल’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर मधुमेहामुळे वर्षानुवर्षे झिजत गेलेली आणि कायमचे डायलिसिस मागे लावणारी किडनी येते. येथे मात्र विषय त्या किडनीचा नसून काही तासांत किंवा काही दिवसांत कोलमडणाऱ्या किडनीचा आहे. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून मिसळलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या भेगेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबई-ठाण्याने या आजाराची मोठी साथ पाहिली. भातलावणीत घोणस चावली तर तिचे विष रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडवते आणि किडनीही निकामी करते. फाल्सिपेरम मलेरिया, जुलाबांनी सुकलेले शरीर, रक्तातला जंतुसंसर्ग, भरीला अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, हीही कारणे आहेतच. रक्तातले क्रिएटिनीन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा स्नायूंतला टाकाऊ पदार्थ, ४८ तासांत दर डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढले, सात दिवसांत मूळच्या दीडपट झाले किंवा सलग सहा तास लघवीचे प्रमाण दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलिलिटरच्या खाली गेले, म्हणजे ६० किलोच्या माणसात ताशी ३० मिलिलिटरपेक्षा कमी भरले, तर तिला किडनीची तीव्र इजा म्हणतात. यातली समाधानाची गोष्ट अशी, की रुग्ण मूळ आजारातून वाचला तर ही किडनी बहुतेकदा पुन्हा कामाला लागते. तोवर मधले दिवस निभावून नेणे एवढेच डायलिसिसचे काम असते. ते किडनी बरी करत नाही.

अशा रुग्णासाठी डायलिसिसची ‘मात्रा’ मोजायची कशी? गोळीची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात, डायलिसिसचे तसे नाही. लोक ते तासांत मोजतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

सोसायटीच्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेऊ. पावसात गटाराचे पाणी आत शिरून टाकी गढूळ झाली आहे, ती रिकामी करण्याची सोय नाही, म्हणून एका पंपाने पाणी बाहेर काढून गाळायचे आणि पुन्हा टाकीतच सोडायचे असे ठरले. टाकी किती स्वच्छ होईल हे तीन गोष्टींवर अवलंबून राहील: पंप आणि गाळणी मिळून दर मिनिटाला किती लिटर पाणी स्वच्छ करतात, पंप किती वेळ चालला आणि टाकी केवढी आहे. डायलिसिसचे नेमके हेच आहे. मशीन दर मिनिटाला किती रक्त युरियामुक्त करते त्याला ‘के’ म्हणतात, वेळेला ‘टी’ आणि शरीरातल्या एकूण पाण्याला ‘व्ही’. पहिल्या दोघांचा गुणाकार करून त्याला तिसऱ्याने भागले की जो आकडा येतो, त्याला डायलिसिस युनिटमध्ये सगळे ‘केटी बाय व्ही’ म्हणतात. हा आकडा एक आला, तर शरीरात जेवढे पाणी आहे तेवढे पाणी हिशेबाने एकदा पूर्ण गाळून झाले. युरियालाच माप का धरले, असाही प्रश्न पडेल. युरिया सर्वांत विषारी आहे म्हणून नव्हे. त्याचा रेणू लहान आहे, तो शरीरातल्या सगळ्या पाण्यात मिसळतो आणि प्रयोगशाळेत स्वस्तात मोजता येतो, म्हणून. हे माप सोयीचे आहे, परिपूर्ण नाही, हे पुढच्या सगळ्या आकड्यांबाबत ध्यानात असू द्यावे.

आता ६० किलो वजनाचा एक पुरुष रुग्ण कल्पू. त्याच्या शरीरात वजनाच्या साधारण ६० टक्के, म्हणजे ३६ लिटर पाणी आहे. मशीन मिनिटाला १८० मिलिलिटर रक्त स्वच्छ करते आणि डॉक्टरांनी चार तास, म्हणजे २४० मिनिटे लिहून दिली आहेत. गुणाकार ४३.२ लिटर झाला, त्याला ३६ने भागले की १.२ येतात. कागदावर हे डायलिसिस चांगले झाले.

पण हा माणूस चार दिवस लघवीविना आहे आणि रक्तदाब टिकवण्यासाठी त्याला सलाईनवर सलाईन लागले आहे. पाय सुजलेत, पापण्या सुजलेत, अंगात आठ लिटर पाणी जास्तीचे आहे. टाकी ३६ लिटरची राहिली नाही, ४४ लिटरची झाली. तेवढ्याच चार तासांत आता १.२ ऐवजी ०.९८ पदरात पडतात. पुढे मशीनशेजारी उभे राहून पाहा. गळ्यातल्या तात्पुरत्या कॅथेटरमधून मिनिटाला २५० मिलिलिटर रक्त ओढायचे ठरले होते, पण रुग्ण कूस वळला की नळी शिरेच्या भिंतीला चिकटते, अलार्म वाजतो, टेक्निशियन पंपाचा वेग १८०वर आणतो आणि त्या सत्रात तो पुन्हा वर जात नाही. दीड तासाने रक्तदाब ८० होतो, पाय वर करतात, औषधाचा वेग वाढवतात, थोडा वेळ थांबतात, आणि तीन तास दहा मिनिटांवर डायलायझरमध्ये, म्हणजे मशीनच्या गाळणीत, गुठळ्या धरून सत्र आटोपते घ्यावे लागते. रक्ताचा वेग उतरल्यामुळे शुद्धीकरण मिनिटाला १५० मिलिलिटरवर आले असे धरले, तर १९० मिनिटांत साडेअठ्ठावीस लिटर गाळून झाले. भागिले ४४. उत्तर आहे ०.६५.

कागदावर १.२, अंगात ०.६५. जवळजवळ निम्मे. केस पेपरवर मात्र ‘हिमोडायलिसिस दिले’ एवढीच नोंद राहते, आणि माझ्या अनुभवात हा फरक कोणी मुद्दाम लपवत नाही, तो मोजलाच जात नाही. वजनाचेही तसेच आहे. भरतीच्या कागदावर ‘वजन ५५ किलो’ असे लिहिलेले असते, आणि चौकशी केली की कळते, की ते पत्नीने आठवून सांगितले होते. एका रुग्णाच्या बाबतीत मीही तोच आकडा धरून दोन दिवस हिशेब करत राहिलो. तिसऱ्या दिवशी वजनकाट्याचा पलंग मिळाला तेव्हा काटा ६३वर होता.

कायमच्या डायलिसिसवरच्या रुग्णाला ही अडचण एवढी जाणवत नाही. तो आठवड्यातून तीनदा चालत येतो, त्याच्या हातावर फिस्तुला, म्हणजे शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडून केलेली कायमची वाट असते, त्याचे ‘कोरडे वजन’, म्हणजे जादा पाणी नसतानाचे वजन, ठरलेले असते, आणि एखादे सत्र कमी पडले तरी पुढच्या महिन्याच्या तपासणीत ते पकडता येते. आयसीयूमधल्या रुग्णाचे काहीच स्थिर नसते. जंतुसंसर्गात शरीर स्वतःचे स्नायू जाळत असल्यामुळे युरिया रोज वेगळ्या वेगाने तयार होतो, पाणी रोज बदलते, आणि नळी तात्पुरती असते. मांडीच्या शिरेत आखूड नळी असेल, तर नुकतेच स्वच्छ होऊन आलेले रक्त तीच नळी पुन्हा ओढून घेते आणि मशीन स्वच्छ केलेलेच पाणी पुन्हा गाळत बसते. शिवाय मशीन बंद झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात स्नायूंमध्ये अडकलेला युरिया रक्तात उतरतो, म्हणून सत्र संपल्याबरोबर घेतलेला रक्ताचा नमुना वस्तुस्थितीपेक्षा जरा बरेच चित्र दाखवतो.

जागतिक पातळीवरच्या ‘केडिगो’ या तज्ज्ञगटाने २०१२मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत तीव्र किडनी-इजेच्या रुग्णाला ठरावीक तासांच्या डायलिसिसमधून आठवड्याला एकूण ३.९ एवढा केटी बाय व्ही *प्रत्यक्ष मिळावा* असे सांगितले आहे. ‘लिहून द्यावा’ असे नव्हे, ‘मिळावा’. आठवड्यातून तीनदा डायलिसिस होत असेल, तर प्रत्येक वेळी १.३ मिळायला हवेत. आपल्या सुजलेल्या रुग्णाला एका सत्रात १.३ द्यायचे, तर मिनिटाला १८० मिलिलिटरचा वेग शेवटपर्यंत टिकवूनही सुमारे पाच तास वीस मिनिटे लागतील. ते जमत नसेल आणि दर वेळी ०.६५च मिळत असतील, तर आठवड्याला सहा सत्रे करावी लागतील. सहा गुणिले ०.६५ म्हणजे पुन्हा ३.९च. हा हिशेब ढोबळ आहे, कारण सत्रांची नुसती बेरीज शास्त्रीयदृष्ट्या तंतोतंत बरोबर नसते, पण बाकावरच्या तक्रारीचे अर्धे उत्तर त्यात आहे. एकाला रोज आणि दुसऱ्याला एक दिवसाआड डायलिसिस देणारा डॉक्टर त्या दोघांना एकच मात्रा देत असण्याची पूर्ण शक्यता असते.

उरलेले अर्धे उत्तर पहिल्या सत्राचे आहे. युरिया खूप चढलेल्या रुग्णाचे पहिले डायलिसिस मुद्दामच दीड-दोन तासांचे आणि रक्ताचा वेग कमी ठेवून करतात. रक्तातला युरिया झपाट्याने उतरला आणि मेंदूतला मागे राहिला, तर पाणी मेंदूच्या पेशींकडे ओढले जाते. त्यातून डोकेदुखी, उलट्या, भ्रम आणि कधी झटकेही येतात. म्हणून पहिल्या दिवशी दोन तास, दुसऱ्या दिवशी तीन आणि मग पूर्ण सत्र, अशी पायरी-पायरीने मात्रा वाढवली जाते. ‘दादांना दोनच तासांत काढले’ तेव्हा कोणी कंजुषी केलेली नसते.

‘जास्त म्हणजे चांगले’ या समजाची गोष्ट

नेदरलँड्समधल्या काम्पेन गावात विलेम कोल्फ या डॉक्टरने महायुद्धाच्या काळात, सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरले जाणारे सेलोफेन फिरत्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून डायलिसिसचे यंत्र बनवले. आधीचे रुग्ण हातचे गेले. सप्टेंबर १९४५मध्ये ६७ वर्षांची एक बेशुद्ध स्त्री त्या यंत्रावर शुद्धीवर आली आणि वाचली. तिची किडनीही अचानकच बंद पडली होती, म्हणजे डायलिसिसने जगवलेला पहिला माणूस आपल्या आजच्या विषयातलाच होता. त्या काळी डायलिसिस हा अगदी शेवटचा उपाय असे. पुढे कोरियन युद्धातल्या जखमी सैनिकांवर काम केलेल्या पॉल टेशन यांनी १९६०मध्ये रुग्ण खंगण्याची वाट न पाहता रोज डायलिसिस देण्याची कल्पना मांडली आणि तिथून ‘लवकर आणि भरपूर’ या विचाराने मूळ धरले.

त्याला जोरदार आधार मिळाला तो २०००मध्ये. इटलीतल्या व्हिचेंझा येथे क्लॉडिओ रोंको आणि सहकाऱ्यांनी अखंड चालणाऱ्या डायलिसिसच्या ४२५ रुग्णांचे तीन गट केले आणि दर किलो वजनामागे ताशी २०, ३५ आणि ४५ मिलिलिटर अशा तीन मात्रा दिल्या. (अखंड पद्धतीत मात्रा मशीनमधून बाहेर पडणाऱ्या द्रवावरून मोजतात.) उपचार थांबल्यानंतर पंधरा दिवसांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण सर्वांत कमी मात्रेच्या गटात ४१ टक्के होते आणि वरच्या दोन गटांत ५७ व ५८ टक्के. दोन वर्षांनी जर्मनीतून श्किफ्ल यांचा अभ्यास आला. त्यात एक दिवसाआड डायलिसिस मिळालेल्यांपैकी ४६ टक्के दगावले, तर रोज मिळालेल्यांपैकी २८ टक्के. एवढे आकडे हाती आल्यावर जगभरच्या आयसीयूंनी मशीनचे वेग वाढवले यात नवल नाही.

मग दोन मोठ्या चाचण्या झाल्या आणि चित्र पालटले. अमेरिकेत २७ केंद्रांतल्या ११२४ रुग्णांपैकी निम्म्यांना आठवड्यातून सहा वेळा डायलिसिस किंवा अखंड पद्धतीने ताशी किलोमागे ३५ मिलिलिटर, आणि निम्म्यांना तीन वेळा किंवा २० मिलिलिटर देण्यात आले. २००८मध्ये निकाल आला. साठ दिवसांतला मृत्युदर जास्त मात्रेत ५३.६ टक्के आणि कमी मात्रेत ५१.५ टक्के होता. हा फरक योगायोगापलीकडचा नव्हता. २००९मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ३५ आयसीयूंनी सुमारे १५०० रुग्णांवर ४० आणि २५ मिलिलिटरची तुलना केली, तेव्हा नव्वद दिवसांचा मृत्युदर दोन्ही गटांत दशांशापर्यंत एकच निघाला: ४४.७ टक्के. पुढे जंतुसंसर्गाच्या धक्क्यातल्या १४० रुग्णांवर ७० मिलिलिटरपर्यंत जाऊन पाहिले, तरी फायदा दिसला नाही.

आधीचे अभ्यास खोटे होते का? मला तसे वाटत नाही. जर्मनीच्या अभ्यासात एक दिवसाआड गटाला प्रत्येक सत्रात प्रत्यक्ष मिळालेला केटी बाय व्ही सरासरी ०.९४ होता, तर अमेरिकेतल्या चाचणीतल्या ‘कमी’ गटाला तो सरासरी १.३च्या घरात मिळाला. म्हणजे आठवड्यातून तीन वेळा आलेले हे दोन रुग्ण सारखे नव्हते. पहिला उपाशी होता आणि दुसऱ्याचे पोट भरलेले होते. उपाशी माणसाला दुप्पट वाढले तर तो सावरतो, पोट भरलेल्याला दुप्पट वाढून काही मिळत नाही. म्हणून दोन्ही निकाल एकाच वेळी खरे असू शकतात. एका पातळीखाली मात्रा गेली तर नुकसान होते आणि त्या पातळीवर गेल्यावर जादा मात्रेचा उपयोग होत नाही. त्या पातळीखाली रुग्ण नकळत किती सहज घसरतो, ते आपल्या ६० किलोच्या रुग्णाच्या हिशेबात दिसलेच आहे.

जादा मात्रा निरुपयोगी असण्यावर थांबत नाही, तिला किंमतही पडते. ऑस्ट्रेलियाच्या चाचणीत जास्त मात्रेच्या गटात ६५ टक्के रुग्णांचे फॉस्फेट घसरले, कमी मात्रेच्या गटात ५४ टक्के. फॉस्फेट घसरले की श्वासाचे स्नायू दुबळे पडतात आणि व्हेंटिलेटर सुटायला वेळ लागू शकतो. अमेरिकेतल्या चाचणीत रक्तदाब कोसळण्याचे प्रकार रोजच्या गटात अधिक होते, आणि दर वेळी कोसळणारा रक्तदाब हा सावरू पाहणाऱ्या किडनीवर नवा घाव असतो. तिसरी गोष्ट नातेवाइकांच्या कधी लक्षात येत नाही: मशीन चांगले-वाईट ओळखत नाही. मेरोपेनेम, पिपरॅसिलिन, व्हँकोमायसिन ही महागडी प्रतिजैविके तेही गाळून टाकते. मात्रा वाढवली आणि औषधाचा डोस व वेळ तशीच ठेवली, तर ज्या संसर्गाने किडनी पडली त्याच्यावरचाच उपचार कमी पडतो.

चोवीस तासांचे मशीन आणि मधला मार्ग

ज्यांचा रक्तदाब औषधांवरच कसाबसा उभा असतो, त्यांच्यासाठी संथ आणि अखंड डायलिसिस असते. त्याला आयसीयूत सीआरआरटी म्हणतात. त्याची मात्रा मशीनमधून तासाला बाहेर पडणाऱ्या द्रवावरून मोजतात आणि ती दर किलोमागे ताशी २० ते २५ मिलिलिटर मिळावी असे केडिगो सांगते. आपल्या रुग्णासाठी २५च्या हिशेबाने ताशी दीड लिटर, दिवसाला ३६ लिटर, म्हणजे पाच लिटरच्या सातेक पिशव्या लागतात. पण ‘अखंड’ हा शब्द फसवा आहे. रुग्णाला सीटी स्कॅनला नेले, फिल्टर गोठला, नवा सर्किट भरायला दोन तास गेले, असे करता करता मशीन चोवीसपैकी वीसच तास चालले, तर २५चे २०.८ होतात. सोळा तास चालले तर १६.७, म्हणजे मर्यादेच्या खाली. म्हणून अनुभवी डॉक्टर मुळातच २५ ते ३० लिहून ठेवतात आणि संध्याकाळी मशीन खरोखर किती तास फिरले, ते पाहून दुसऱ्या दिवसाचा आकडा ठरवतात. जास्त लिहिले आहे म्हणून ते जास्त मिळते आहे, असे समजू नये.

सीआरआरटी महाग असते. तिचे मशीन, फिल्टर आणि पिशव्या वेगळ्या असतात. त्यामुळे आपल्याकडे ‘स्लेड’ नावाचा मधला मार्ग फार चालतो आणि तो दुय्यम आहे असे मी मुळीच मानत नाही. नेहमीचेच डायलिसिस मशीन आणि नेहमीचेच आरओ पाणी वापरायचे, पण रक्ताचा वेग मिनिटाला १०० ते २०० मिलिलिटर ठेवून सहा ते बारा तास सावकाश चालवायचे. के कमी केला, टी वाढवला, गुणाकार जवळपास तोच राहिला आणि रक्तदाबाला धक्का कमी बसला. ‘दादांना आठ तास लावले म्हणजे परिस्थिती फारच गंभीर’ असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. पोटातून करायचे पेरिटोनियल डायलिसिस आता मोठ्यांच्या आयसीयूत क्वचितच दिसते, तरी त्याची मात्राही अशीच मोजता येते आणि मशीन नसलेल्या ठिकाणी, विशेषतः लहान मुलांसाठी, तो चांगला उपाय आहे.

पाणी काढण्याचा हिशेब निराळा. युरिया गाळणे आणि अंगातले जादा पाणी ओढून घेणे ही मशीनची दोन स्वतंत्र कामे आहेत. सूज पाहून घरच्यांना वाटते, की एका दिवसात सगळे पाणी काढावे. रक्तवाहिन्यांतून पाणी जेवढ्या वेगाने ओढले जाते तेवढ्या वेगाने ते सुजलेल्या ऊतींमधून रक्तात परत यायला हवे, नाही तर रक्तदाब पडतो. ऑस्ट्रेलियाच्या चाचणीतील नोंदी २०१९मध्ये पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा ज्यांच्या अंगातून दर किलोमागे ताशी १.७५ मिलिलिटरपेक्षा जास्त वेगाने पाणी काढले गेले त्यांच्यात मृत्यू अधिक दिसले. हा कार्यकारणाचा पुरावा नाही, नोंदींमधला संबंध आहे. पण ६० किलोला तो वेग ताशी फक्त १०५ मिलिलिटर होतो, आणि आठ लिटरची सूज उतरायला दिवस का लागतात याचा अंदाज त्यावरून येतो.

डायलिसिस सुरू कधी करायचे, हा मात्रेचाच शेजारचा प्रश्न. पोटॅशियम धोकादायक पातळीवर गेले, फुप्फुसांत पाणी भरले, रक्त फार आम्लयुक्त झाले, युरियामुळे भ्रम किंवा हृदयाच्या आवरणाला सूज आली, तर थांबायला वाव नसतो. तशी निकड नसेल तर? २०१६च्या फ्रान्समधल्या एका चाचणीत ‘थांबून पाहू’ गटातल्या ४९ टक्के रुग्णांना शेवटपर्यंत डायलिसिस लागलेच नाही. २०२०मध्ये जवळपास तीन हजार रुग्णांच्या चाचणीत लवकर सुरू करून मृत्युदर घटला नाही. उलट वाचलेल्या रुग्णांपैकी नव्वद दिवसांनंतरही डायलिसिसवरच राहिलेल्यांचे प्रमाण लवकर सुरू केलेल्या गटात १०.४ टक्के आणि थांबलेल्या गटात ६ टक्के निघाले.

तरीही आपल्या जिल्ह्यापुरती एक पुस्ती जोडायला हवी. ब्राझीलमधल्या साओ पावलो येथे गंभीर लेप्टोच्या ३३ रुग्णांचा अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना ताबडतोब आणि रोज डायलिसिस मिळाले त्यांच्यातला मृत्युदर १६.७ टक्के होता, आणि ज्यांना उशिरा व एक दिवसाआड मिळाले त्यांच्यातला ६६.७ टक्के. संख्या लहान आहे, दोन गट वेगवेगळ्या वर्षांतले आहेत आणि चिठ्ठ्या टाकून केलेली ही चाचणी नाही, त्यामुळे त्यावर नियम बांधता येणार नाही. पण लेप्टोत फुप्फुसांतला रक्तस्राव आणि झपाट्याने चढणारी कावीळ ज्यांनी पाहिली आहे, ते अशा रुग्णात पहिले चार-पाच दिवस हात आखडता घेत नाहीत. मीही घेत नाही. मोठ्या चाचण्यांमध्ये भातखाचरातून आलेला, काल-परवापर्यंत धडधाकट असलेला तिशीतला मजूर फारसा नव्हता, हे विसरून त्यांचे आकडे जसेच्या तसे येथे लावणे मला पटत नाही.

नातेवाइकांनी विचारायचेच असेल, तर ‘किती तास केले?’ यापेक्षा ‘ठरले होते तेवढे झाले का, आणि मध्ये थांबावे का लागले?’ असे विचारावे. त्याचे उत्तर टेक्निशियनच्या तक्त्यावर असते: दर अर्ध्या तासाचा रक्तदाब, पंपाचा वेग, काढलेले पाणी, सुरू केल्याची आणि बंद केल्याची वेळ. दुसरा आकडा घरच्यांच्याच हातात असतो. रुग्ण वॉर्डात आला, की चोवीस तासांची लघवी मोजण्याच्या मापाकडे बहुतेक वेळा पत्नीचे किंवा आईचेच लक्ष असते. लघवी वाढवणारे औषध न देता दिवसाला ४०० मिलिलिटरच्या वर लघवी होऊ लागली, की डायलिसिस सुटण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून त्या दिवसांत ठरल्या वाराला मशीन लावण्याआधी डॉक्टर थांबतात आणि दोन डायलिसिसच्या मधल्या दिवशी क्रिएटिनीन चढते की जागेवर राहते ते पाहतात.

शहापूरकडच्या एका बाई हे आकडे औषधाच्या खोक्याच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवत: ९०, १५०, १४०, ३८०. पाचव्या सकाळी त्यांनी खोके माझ्यापुढे धरले, त्यावर ६५० होते. त्या दिवशी त्यांच्या यजमानांची डायलिसिसची पाळी होती, अकराची वेळ दिलेली होती. रक्ताचे अहवाल येईपर्यंत आम्ही थांबलो. क्रिएटिनीन जागेवरच होते. टेक्निशियनने तक्त्यात त्यांच्या नावापुढे आडवी रेघ मारली आणि मशीन पुढच्या बेडकडे नेले.